फिल्टरची ऑर्डर किती घ्यायची, दुसरी की आठवी?

प्रश्न थोडक्यात पुन्हा लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. पंपाच्या बेअरिंग हाउसिंगवर व्हायब्रेशन सेन्सर बसवलाय, १ किलोहर्ट्झपर्यंतचा सिग्नल हवाय, मायक्रोकंट्रोलरचा १२ बिटचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करून देणारा भाग), सॅम्पलिंग सेकंदाला १० हजार, आणि शेजारच्याच पॅनेलमध्ये व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) चालू. एडीसीच्या आधी नको असलेला वरचा आवाज अडवणारा फिल्टर लावायचाय. एकाने सांगितलं दुसरी ऑर्डर पुरे (ऑर्डर जितकी मोठी तितका फिल्टरचा उतार तीव्र), दुसऱ्याने सांगितलं आठवी लाव, आणि तुम्हाला विचारायचंय की ऑप-अ‍ॅम्पच्या भानगडीत न पडता, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरची चिप न वापरता, चार आरसी (रेझिस्टन्स-कपॅसिटरच्या जोड्या) एकामागे एक लावले तर चालेल का.

आधी एक गोष्ट पक्की करू. ऑर्डर ही आपण निवडायची गोष्ट नाहीच, ती हिशोबातून बाहेर पडते. तीन आकडे लागतात. सिग्नल कुठपर्यंत आहे आणि तिथे किती घट चालेल, नको असलेली गोष्ट कुठून सुरू होते, आणि ती तिथे किती दाबायची आहे. हे तीन आकडे हातात नसताना कुणी दुसरी म्हणो की आठवी, दोघंही अंदाजच सांगतायत. आणि आकडे हातात आले की पहिला प्रश्न "ऑर्डर किती" असा विचारायचाच नाही, यातला कुठला आकडा बदलता येईल का ते आधी बघायचं. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त वेळा तिथेच काम होतं आणि मोठ्या ऑर्डरची गरजच पडत नाही.

तुमचा हिशोब मांडू. १० किलोहर्ट्झला सॅम्पल करताय म्हणजे ९ ते ११ किलोहर्ट्झमधलं जे काही येईल ते दुमडून (सॅम्पलमध्ये खालच्या फ्रिक्वेन्सीसारखं दिसून) थेट तुमच्या ० ते १ किलोहर्ट्झच्या बँडमध्ये येऊन बसणार. बरेच जण इथे ५ किलोहर्ट्झ, म्हणजे सॅम्पलिंगचा अर्धा आकडा धरतात आणि विनाकारण घाबरून ऑर्डर वाढवतात. ५ ते ९ मधलं जे आहे ते दुमडून १ ते ५ मध्ये येतं, आणि तो भाग तुम्ही नंतर सॉफ्टवेअरमध्ये डिजिटल फिल्टरने फेकूनच देणार आहात, तर तो घाण झाला तरी काय बिघडतं (एडीसी सॅच्युरेट होऊ नये एवढं मात्र बघायचं). म्हणजे दाबायची सुरुवात ९ किलोहर्ट्झपासून, ५ पासून नाही.

किती दाबायचं? १२ बिट म्हणजे ४०९६ पायऱ्या, एक पायरी फुल स्केलच्या (एडीसी मोजू शकतो त्या कमाल मापाच्या) ७२ डीबी खाली (डीबी म्हणजे गुणोत्तराचं माप, २० डीबी म्हणजे दहापट). बाहेरचा नॉइज फुल स्केलएवढा मोठा आहे असं धरलं तर ७२ डीबी दाबावा लागेल. बटरवर्थ (हव्या त्या बँडमध्ये सपाट राहणारा फिल्टरचा प्रकार) घेतला आणि कटऑफ (जिथे सिग्नल ३ डीबी घटतो ती फ्रिक्वेन्सी) १ किलोहर्ट्झ ठेवला तर ९ किलोहर्ट्झला गुणोत्तर ९, प्रत्येक ऑर्डरमागे साधारण १९ डीबी मिळतात, ७२ भागिले १९ म्हणजे पावणेचार, म्हणजे चौथी ऑर्डर. सोपं वाटतं, पण इथे एक खाच आहे. कटऑफ १ किलोहर्ट्झ म्हणजे १ किलोहर्ट्झचाच सिग्नल ३ डीबी खाली गेलेला, जवळजवळ ३० टक्के कमी दिसणार, आणि व्हायब्रेशनचे आकडे जर तुम्ही ठरलेल्या मर्यादेशी ताडून बघणार असाल तर हे चालणार नाही. १ किलोहर्ट्झला फक्त ०.१ डीबी घट हवी असेल तर चौथ्या ऑर्डरचा कटऑफ १.६ किलोहर्ट्झला सरकवावा लागतो आणि मग ९ किलोहर्ट्झला ६० डीबीच मिळतात. ७२ पाहिजे तर पाचवी ऑर्डर, कटऑफ १.४५ च्या आसपास, तिथे ७९ मिळतात. बघा, नुसत्या "किती घट चालेल" या एका आकड्याने एक अख्खी ऑर्डर वाढली.

आता आकडे हलवून बघू.

सॅम्पलिंग ४ किलोहर्ट्झ असतं तर कटऑफ १ किलोहर्ट्झला ठेवूनही आठवी ऑर्डर लागली असती, कारण दुमडणारा भाग ३ किलोहर्ट्झलाच सुरू होतो आणि एका ऑर्डरमागे साडेनऊ डीबीच मिळतात. तुम्हाला आठवी लाव म्हणणारा माणूस बहुतेक अशाच कुठल्या तरी जुन्या सिस्टिमवर काम केलेला असणार जिथे सॅम्पलिंग वाढवणं महाग होतं, त्याच्या जागी तो बरोबरच आहे. उलट सॅम्पलिंग २०० किलोहर्ट्झ केलं तर दुसरी ऑर्डर, कटऑफ २.५६ किलोहर्ट्झ, आणि १९९ किलोहर्ट्झला ७५ डीबी आरामात. आजच्या साध्या मायक्रोकंट्रोलरचा १२ बिट एडीसी हा वेग डीएमए (प्रोसेसरला न अडवता डेटा मेमरीत टाकायची सोय) लावून सहज काढतो, मग आतमध्ये डिजिटल फिल्टर लावून सॅम्पल कमी करायचे. डिजिटल फिल्टरला टॉलरन्स नसतो, तो तापमानाने सरकत नाही, दहा बोर्डांत दहाही सारखेच वागतात. त्यामुळे प्रोसेसरला वेळ असेल तर माझं पहिलं मत नेहमी हेच, अ‍ॅनालॉगमध्ये कमी ऑर्डर आणि सॅम्पलिंग वर.

पण दुसरा आकडा त्याहून महत्त्वाचा आणि तो कुणी मोजतच नाही. नॉइज खरंच फुल स्केलएवढा आहे का? बोर्डवर तात्पुरता फिल्टर काढून, सॅम्पलिंग जेवढं वर जाईल तेवढं नेऊन, पंप आणि ड्राइव्ह दोन्ही चालू असताना एकदा एफएफटी (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल आहे तो आलेख) काढा किंवा ऑसिलोस्कोप लावा. समजा ९ किलोहर्ट्झच्या वर जे काही दिसतंय ते फुल स्केलच्या ४० डीबी खाली आहे, म्हणजे ३.३ व्होल्टच्या स्केलवर ३३ मिलिव्होल्ट. मग दाबायचे राहिले फक्त ३२ डीबी. त्यासाठी १० किलोहर्ट्झच्या सॅम्पलिंगवरही तिसरी ऑर्डर पुरते, कटऑफ १.८७ किलोहर्ट्झ, ९ किलोहर्ट्झला ४१ डीबी. पाचवीवरून तिसरीवर आलो आणि आपण विकत काहीच घेतलं नाही, फक्त मोजलं.

मोजताना दोन गोष्टींकडे लक्ष द्या. एक, अ‍ॅक्सिलरोमीटरचा (म्हणजे तुमच्या व्हायब्रेशन सेन्सरचा) स्वतःचा मेकॅनिकल रेझोनन्स, दहा-वीस-तीस किलोहर्ट्झला कुठेतरी असतो आणि तिथे सेन्सरचं आउटपुट अनेक पटीने वाढतं, डेटाशीटमध्ये ग्राफ असतो तो बघा. पंपात कॅव्हिटेशन (पाण्यात बुडबुडे होऊन फुटणं) सुरू झालं की तो रेझोनन्स वाजायला लागतो, त्यामुळे शांत चालणाऱ्या पंपावर मोजून समाधान मानू नका. दोन, व्हीएफडी. ड्राइव्हची कॅरियर फ्रिक्वेन्सी (ज्या वेगाने तो आतून स्विच करतो ती) साधारण २ ते १६ किलोहर्ट्झमध्ये कुठेही सेट केलेली असते. समजा ती १० ला आहे आणि मोटर ५० हर्ट्झवर चालतेय. केबलमध्ये शिरणाऱ्या आवाजात कॅरियरच्या दोन्ही बाजूंना १०० हर्ट्झवर, म्हणजे ९.९ आणि १०.१ किलोहर्ट्झला जोरदार साइडबँड असतात, आणि तुमचं सॅम्पलिंग नेमकं १० किलोहर्ट्झ, म्हणजे हे दोन्ही दुमडून १०० हर्ट्झवर येऊन बसतात. आता १०० हर्ट्झ म्हणजे लाइन फ्रिक्वेन्सीची दुप्पट, जिथे मोटरचं खरंखुरं इलेक्ट्रिकल व्हायब्रेशनही येतं! स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे दिसतात, आणि माणूस एअर गॅप, स्टेटर, पाया ढिला झालाय का असं सगळं तपासत बसतो. ओळखायची युक्ती सोपी आहे, सॅम्पलिंग १० वरून १०.३ किलोहर्ट्झ करा. खरा पीक जागचा हलत नाही, दुमडून आलेला पीक लगेच दुसरीकडे पळतो. हे एक मिनिटाचं काम आहे आणि कुठल्याही ऑर्डरच्या वादापेक्षा जास्त सांगून जातं.

जाता जाता, १ किलोहर्ट्झ हा आकडा कुठून आला तेही एकदा तपासा. १४४० आरपीएमच्या पंपाला अनबॅलन्स २४ हर्ट्झला दिसतो, मिसअलाइनमेंट ४८ ला, त्यासाठी १ किलोहर्ट्झ भरपूर झालं. पण बेअरिंग खराब व्हायची अगदी सुरुवातीची खूण कित्येक किलोहर्ट्झ वर असते. ती पकडायची असेल तर हा सगळा हिशोब नव्याने मांडावा लागेल, आणि मी वर फेकून द्या म्हटलं तोच भाग मग तुमचा सिग्नल असेल.

आता चार आरसीचं. नाही, चालणार नाही, आणि का ते समजून घ्या कारण हा गैरसमज फार पसरलेला आहे. चार आरसी म्हणजे चौथी ऑर्डर हे कागदावर खरं आहे, खूप लांब गेल्यावर उतारही ८० डीबी प्रति डिकेडचाच (फ्रिक्वेन्सी दहापट झाली की ८० डीबी) मिळतो. पण आपल्याला लांबचा उतार नको असतो, कटऑफच्या जवळचा कोपरा हवा असतो, आणि तो कोपरा ऑर्डर देत नाही, क्यू (टप्प्याच्या कोपऱ्याचा टोकदारपणा सांगणारा आकडा) देतो. नुसत्या रेझिस्टन्स आणि कपॅसिटरने क्यू ०.५ च्या वर जातच नाही. दोन सारखे आरसी मध्ये बफर न लावता जोडले तर क्यू ०.३३ होतो आणि ३ डीबीचा बिंदू मूळ कटऑफच्या ०.३७ पटीवर खाली येतो, कारण दुसरा पहिल्याला लोड करतो. दुसऱ्या टप्प्यात रेझिस्टन्स दहापट आणि कपॅसिटर एक दशांश घेतला की लोडिंग जवळपास जातं, पण तरी क्यू ०.५ ची भिंत राहतेच. आकड्यात सांगतो, चार आरसी, मध्ये आदर्श बफरसुद्धा लावले, आणि एकूण ३ डीबी बरोबर १ किलोहर्ट्झला जुळवले तरी ९ किलोहर्ट्झला मिळतात ४८ डीबी. चौथ्या ऑर्डरचा बटरवर्थ तिथेच ७६ देतो. ऑर्डर तीच आणि फरक २८ डीबीचा!

क्यू वाढवायचे दोन रस्ते, कॉइल किंवा ऑप-अ‍ॅम्प. कॉइलचा एलसी लॅडर (कॉइल आणि कपॅसिटरची शिडी) फार गुणी सर्किट आहे, दोन्ही टोकांना योग्य रेझिस्टन्स लावलेला असेल तर पार्टचे आकडे थोडे इकडेतिकडे झाले तरी पासबँडमध्ये (फिल्टर जो भाग जाऊ देतो त्यात) फारसा फरक पडत नाही, त्या बाबतीत सॅलन-कीच्या (एका ऑप-अ‍ॅम्पवर बनणाऱ्या दुसऱ्या ऑर्डरच्या सर्किटच्या) माळेपेक्षा तो कितीतरी सरस. पण १ किलोहर्ट्झला ६०० ओमवर तिसऱ्या ऑर्डरचा बटरवर्थ करायचा तर साधारण ९५ मिलिहेन्रीच्या दोन कॉइल लागतात, मोठ्या, महाग, आणि व्हीएफडीच्या शेजारी त्या अँटेनाचंच काम करतील. तेच ३० मेगाहर्ट्झला ५० ओमवर करा, कॉइल होते पाव मायक्रोहेन्रीची, हाताने चार-सहा वेढे मारले की झाली. म्हणून माझी ढोबळ सवय अशी, १०० किलोहर्ट्झच्या खाली सिग्नलचं काम असेल तर ऑप-अ‍ॅम्पचा, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह, मेगाहर्ट्झच्या वर एलसी, आणि जिथे पॉवर वाहतेय तिथे फ्रिक्वेन्सी काहीही असो, पॅसिव्हच.

तर अ‍ॅक्टिव्ह घेऊ. मग ऑर्डर वाढवायला काय जातं, अजून एक ऑप-अ‍ॅम्पच ना, असं वाटतं. तसं नाही. बटरवर्थमध्ये दुसऱ्या ऑर्डरला क्यू ०.७१ लागतो, चौथीच्या दोन टप्प्यांना ०.५४ आणि १.३१, सहावीचा सगळ्यात मोठा १.९३, आठवीचा २.५६. आणि चेबिशेव्ह (पासबँडमध्ये थोडी लहर, म्हणजे रिपल, सोसून उतार तीव्र करणारा प्रकार), ०.५ डीबी रिपलचा आठव्या ऑर्डरचा घेतला तर शेवटच्या टप्प्याला साडेअकरा क्यू लागतो. क्यू जितका मोठा तितकं सर्किट पार्टच्या टॉलरन्सला हळवं. १० टक्क्यांचे कपॅसिटर आणि ५ टक्क्यांचे रेझिस्टन्स म्हणजे फ्रिक्वेन्सी दोन्हीकडे १५ टक्क्यांपर्यंत सरकू शकते, आणि प्रत्येक टप्पा वेगवेगळ्या दिशेला सरकला की सिम्युलेशनमध्ये सपाट दिसणाऱ्या पासबँडला प्रत्यक्षात टेंगळं येतात. तापकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडला मागाल तो कपॅसिटर मिळेल पण नुसतं "१० नॅनो द्या" म्हणू नका, सी०जी (स्थिर राहणारा सिरॅमिक) किंवा फिल्म टाइप सांगून घ्या. एक्स७आर सिरॅमिक फिल्टरमध्ये घालू नका, त्याची कपॅसिटी व्होल्टेजप्रमाणे बदलते आणि सिग्नललाच डिस्टॉर्शन देते. डीकपलिंगला (सप्लायचा आवाज गाळायला) तो उत्तम, इथे नाही.

मोठ्या क्यूचा टप्पा स्वतःच्या कटऑफजवळ सिग्नल वाढवतो हेही लक्षात ठेवा, २.५६ क्यू म्हणजे ८ डीबी, अडीच पट. ३.३ व्होल्टच्या सप्लायवर तो टप्पा आतल्या आत क्लिप होईल आणि बाहेर तुम्हाला फक्त विचित्र डिस्टॉर्शन दिसेल. म्हणून कमी क्यूचा टप्पा आधी, मोठ्या क्यूचा शेवटी. ऑप-अ‍ॅम्पचा गेन-बँडविड्थही (कुठल्या फ्रिक्वेन्सीपर्यंत तो किती वाढवू शकतो तो आकडा) बघावा लागतो, कटऑफ गुणिले गेन गुणिले क्यू आणि त्याच्या किमान १०० पट, एवढं मी धरतो. १ मेगाहर्ट्झवाला साधा ऑप-अ‍ॅम्प तुमच्या कामाला पुरतो पण तोच घेऊन कुणी २० किलोहर्ट्झचा आठव्या ऑर्डरचा फिल्टर करायला गेला तर आकडे जुळणार नाहीत.

आणखी एक किंमत असते, ती फ्रिक्वेन्सीच्या ग्राफमध्ये दिसतच नाही. स्टेप (एकदम उडी मारणारा सिग्नल) दिली की दुसऱ्या ऑर्डरचा बटरवर्थ ४ टक्के वर उडतो, चौथ्या ऑर्डरचा ११ टक्के, आठव्याचा १६, आणि नंतर बराच वेळ हलत राहतो. तुम्ही नुसता स्पेक्ट्रम बघणार असाल तर याची चिंता नको. पण धक्क्याची उंची, पल्सचा आकार, ईसीजीसारखी वेव्ह असं काही बघायचं असेल तर बेसेल (वेव्हचा आकार न बिघडवणारा प्रकार) घ्या, चौथ्या ऑर्डरलाही ओव्हरशूट १ टक्क्याच्या आत राहतो. बदल्यात उतार मंद, म्हणजे पुन्हा सॅम्पलिंग वाढवा. सगळं फिरून तिथेच येतं.

दुसऱ्या कामांत हाच हिशोब कसा बदलतो ते पटकन सांगतो. ७ मेगाहर्ट्झच्या ट्रान्समीटरला दुसरा हार्मोनिक १४ ला असतो, गुणोत्तर फक्त २, आणि तिथे सॅम्पलिंग वाढवण्यासारखा कुठलाच पर्याय नाही, म्हणून तिथे पाचवी-सातवी ऑर्डर सर्रास दिसते. ०.१ डीबीचा चेबिशेव्ह पाचव्या ऑर्डरला तिथे ३५ डीबी देतो, सातव्याला जवळजवळ ५८, आणि सातव्या ऑर्डरचा बटरवर्थ ४२ वरच राहतो. पाचव्याच्याच एका कॉइलला समांतर कपॅसिटर लावून १४ वर नॉच (खोल खड्डा) पाडली तर ऑर्डर न वाढवताही दुसरा हार्मोनिक खोल जातो. स्पीकरच्या क्रॉसओव्हरला तर डीबीपेक्षा फेज महत्त्वाची, दुसऱ्या ऑर्डरला क्रॉसओव्हरच्या जागी वूफर आणि ट्वीटर १८० अंशांनी उलटे असतात म्हणून एकाची पोलॅरिटी फिरवतात, चौथ्या ऑर्डरच्या लिंकविट्झ-रायली प्रकारात दोघं एका फेजमध्ये येतात आणि बेरीज सपाट होते. लोडसेलच्या वजनकाट्यात मात्र एचएक्स ७११ सारखी सिग्मा-डेल्टा चिप असते, ती आत खूप वेगाने सॅम्पल करते आणि सेकंदाला १० सॅम्पलच्या सेटिंगला मेन्सचा ५० हर्ट्झ स्वतःच मारते, बाहेर एक साधा आरसी पुरतो. तिथे अ‍ॅक्टिव्ह फिल्टर लावणं म्हणजे स्वतःच्या हाताने ऑफसेट आणि ड्रिफ्ट वाढवणं.

तर तुमच्यासाठी मी काय लावेन. नॉइज मोजून तो वर म्हटल्यासारखा ४० डीबी खाली निघाला तर तिसरी ऑर्डर, एका ड्युअल ऑप-अ‍ॅम्पमध्ये. एमसीपी ६००२ चालेल, ३.३ व्होल्टवर चालतो, गेन-बँडविड्थ १ मेगाहर्ट्झ आहे. आधी आरसी, ८.४५ किलोओम आणि १० नॅनो, मग ऑप-अ‍ॅम्पचा एक अर्धा बफर, मग दुसऱ्या अर्ध्यात युनिटी गेनचा सॅलन-की, दोन्ही रेझिस्टन्स ९.३१ किलोओम, फीडबॅकचा कपॅसिटर १८ नॅनो आणि जमिनीकडचा ४.७ नॅनो, क्यू जवळजवळ १ येतो जो तिसऱ्या ऑर्डरच्या बटरवर्थला हवाच असतो. रेझिस्टन्स सगळे १ टक्क्याचे. आउटपुटला १०० ओम आणि १ नॅनो, अगदी एडीसीच्या पिनपाशी. हा छोटा आरसी दोन कामं करतो, एडीसीचा आतला कपॅसिटर चार्ज होताना जो धक्का बसतो तो सोसतो, आणि सॅलन-कीची एक खोड थोडी आवरतो, ती म्हणजे खूप वरच्या फ्रिक्वेन्सीला ऑप-अ‍ॅम्पचा आउटपुट इंपिडन्स वाढतो आणि फीडबॅक कपॅसिटरमधून सिग्नल सरळ पुढे निसटतो. व्हीएफडीच्या स्विचिंगच्या कडा मेगाहर्ट्झमध्ये असतात, त्यांना सुरुवातीचा आरसी आधीच अडवतो, म्हणून तो सगळ्यात आधी ठेवलाय. मोजल्यावर नॉइज जास्त निघाला तर आधी सेन्सरच्या केबलची शील्ड आणि अर्थिंग बघा, मग सॅम्पलिंग वाढवा, आणि तेही जमत नसेल तरच मागे अजून एक सॅलन-की लावून पाचवी करा, पण मग क्यू ०.६२ आणि १.६२ असे नव्याने काढावे लागतील, आहे त्याच टप्प्याची कॉपी लावून चालत नाही.

बोर्ड तयार झाला की फंक्शन जनरेटरने ९ किलोहर्ट्झचा १ व्होल्ट पीक-टू-पीक साइन सेन्सरच्या जागी द्या, डीसी ऑफसेट सप्लायच्या मधोमध ठेवा, आणि तुमच्याच एफएफटीत १ किलोहर्ट्झला काय दिसतं ते वाचा. ९ मिलिव्होल्ट पीक-टू-पीकच्या आसपास आलं तर सगळं ठीक, पार्टच्या टॉलरन्सने १२ पर्यंत गेलं तरी हरकत नाही. ३० वगैरे दिसलं तर कुठला तरी कपॅसिटर चुकीचा लागलाय. १८ आणि ४.७ ची अदलाबदल मात्र इथे अशी दिसत नाही, त्यात आकडा उलट ७ च्या आसपास येतो.